वाटाड्याला नायक करू नका

जेम्स बेकवर्थ हे नाव तुमच्या कानावर आलं असेल तर बहुधा एखाद्या रीलमधून. साचा ठरलेला आहे. मागे ढोल वाजतायत, समोर जुना काळा-पांढरा फोटो, त्यात लांब केसांचा, रोखून बघणारा एक माणूस. आवाज सांगतो: हा गुलाम म्हणून जन्मला, मूलनिवासींचा सरदार झाला, कॅलिफोर्नियात जायची वाट याने शोधली, आणि इतिहास याला विसरला. मग 'तुम्हाला हे शाळेत का शिकवलं नाही?' असा सवाल. खाली मुठी आणि आगीचे इमोजी.

शाळेने मला अमेरिकेतल्या मूलनिवासींना 'रेड इंडियन' म्हणायला शिकवलं, त्यामुळे शाळेची बाजू घ्यायला मी बसलेलो नाही. आणि अशा रीलमध्ये जे असतं ते बऱ्यापैकी खरंही असतं. माझं भांडण गाळलेल्या भागाशी आहे. या माणसाच्या आयुष्यातला ज्या दिवसाबद्दल बोलायलाच हवं, तो दिवस तिथे नसतो. २९ नोव्हेंबर १८६४. त्या दिवसाकडे येतोच, पण आधी माणूस नीट बघू. कारण जवळजवळ शंभर वर्षं त्याला लबाड म्हणून मोडीत काढलं गेलं आणि आता नायक म्हणून डोक्यावर घेतलं जातंय, आणि दोन्ही वेळा त्याचं स्वतःचं म्हणणं ऐकायची गरज कुणाला वाटलेली नाही.

बेकवर्थचा जन्म व्हर्जिनियातला, १७९८ ते १८०० च्या आसपासचा. बाप जेनिंग्ज बेकविथ, गोरा, चांगल्या घराण्यातला. आई गुलाम. व्हर्जिनियाचा कायदा असा, की मुलाचा दर्जा आईवरून ठरतो. आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कोणीही असो. म्हणजे जेनिंग्ज आपल्याच मुलाचा कायदेशीर मालक होता. हे विचित्र वाटतं, पण त्या व्यवस्थेत ते नेहमीचं होतं आणि मालकांच्या सोयीचंही: गुलाम बायकांना मालकापासून झालेली मुलं वारसांच्या यादीत न जाता मालमत्तेच्या यादीत जायची. पुढे कुटुंब मिझुरीत आलं, पोराला सेंट लुईसमध्ये लोहाराकडे उमेदवारीला लावलं. बाप त्याला मुलासारखं वागवायचा असं म्हणतात. तरीही मुलाच्या सुटकेचा कागद पक्का करायला त्याला १८२४ ते १८२६ या काळात तीनदा कोर्टाची पायरी चढावी लागली. आडनाव बेकविथचं बेकवर्थ कधी झालं ते बाजूला ठेवू, पण बदल त्याने स्वतः केला.

१८२४ मध्ये तो विल्यम ॲशलीच्या टोळीबरोबर रॉकी पर्वतात गेला. काम होतं बीव्हर पकडण्याचं. बीव्हर हा पाण्यात राहणारा, झाडं कुरतडून बंधारे घालणारा प्राणी. त्याच्या केसांपासून दाबून केलेल्या टोप्या तेव्हा लंडन-न्यूयॉर्कच्या साहेबांच्या डोक्यावर असायच्या. या टोप्यांसाठी हजारो मैलांवर कुणीतरी बर्फाळ ओढ्यात मांडीपर्यंत उतरून सापळे लावायचं. ॲशलीने १८२५ पासून एक युक्ती काढली: माणसांनी वर्षभर डोंगरातच राहायचं, उन्हाळ्यात एका ठरलेल्या जागी कातडी घेऊन जमायचं, आणि तिथेच कंपनीकडून दारूगोळा, कॉफी, साखर, दारू घ्यायची. भाव कंपनीचा. वर्षाची कमाई त्या काही दिवसांत पुन्हा कंपनीच्याच खिशात जायची. ज्यांना आज 'माउंटन मॅन' म्हणून स्वातंत्र्याचे पुतळे केलं जातं ते बहुतेक जण कंपनीच्या उधारीवर जगणारे कंत्राटी कामगार होते. बेकवर्थ त्यांतला एक.

मग तो क्रो लोकांमध्ये राहायला गेला. त्यांचं स्वतःचं नाव आप्सालूके. तिथे तो सहा-आठ वर्षं राहिला, लग्नं केली, लढायांत भाग घेतला. तो त्यांच्यात शिरला कसा याची त्याने स्वतः सांगितलेली गोष्ट मजेशीर आहे. कॅलेब ग्रीनवुड नावाच्या साथीदाराने थाप ठोकून दिली, की हा मुळात क्रोच आहे, लहानपणी शत्रूंनी पळवून नेलेला. एका बाईने त्याच्या पापणीवरचा तीळ पाहून हा आपलाच हरवलेला मुलगा म्हणून ओळखलं. गोष्ट खरी की रचलेली, ते सांगता येणार नाही. पण विचार करा: आपल्या देशात ज्याला स्वतःच्या बापाचा मुलगा ठरायला तीन वेळा कोर्टात कागद करावे लागले, तो इथे एका तिळावर घरचा झाला. क्रो लोकांनी त्याला किती वरचं पद दिलं यावर वाद आहे. पुस्तकाच्या शीर्षकात तो 'क्रो राष्ट्राचा प्रमुख' आहे. प्रत्यक्षात तो त्यांच्यातल्या मानाच्या योद्ध्यांपैकी एक असावा, आणि त्याच वेळी अमेरिकन फर कंपनीच्या पगारावर असलेला माणूसही. क्रोंची कातडी कंपनीकडे वळवणं हे त्याचं काम होतं. हे दुसरं वाक्य रीलमध्ये कधी नसतं.

आता 'लबाड' या शिक्क्याबद्दल.

१८५४-५५ च्या हिवाळ्यात बेकवर्थने आपलं आयुष्य थॉमस बॉनर नावाच्या माणसाला सांगितलं, बॉनरने लिहून काढलं, आणि १८५६ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्परने ते छापलं. पुस्तक खपलं, १८६० मध्ये फ्रेंचमध्येही गेलं. करारानुसार निम्मे पैसे बेकवर्थचे होते. त्याच्या हातात काही पडल्याचं दिसत नाही. पुस्तकात अतिशयोक्ती भरपूर आहे. पाच शत्रू असले तर पन्नास होतात, प्रत्येक लढाईत तोच पुढे. त्यामुळे फ्रान्सिस पार्कमनसारख्या मातब्बर इतिहासकाराने त्याला खोटारडा ठरवलं. पण पार्कमनचं मत पुस्तक यायच्या कितीतरी आधी तयार होतं. १८४६ च्या प्रवासावर लिहिताना त्याने बेकवर्थचं वर्णन आधी रक्ताच्या मिसळीवरून केलं, कुत्र्यांसाठी वापरतात तसा शब्द वापरून, आणि त्याच दमात त्याला रक्तपिपासू, विश्वासघातकी, इमान नसलेला म्हटलं. निकाल आधी, पुरावा नंतर.

याच डोंगरांत जिम ब्रिजर नावाचा गोरा वाटाड्या होता. तो सांगायचा, एक काचेचा डोंगर आहे, त्यातून पंचवीस मैलांवरचं हरीण जवळ दिसतं. तो सांगायचा, एक दगड झालेलं जंगल आहे, त्यात दगडी पक्षी दगडी गाणी म्हणतात. ब्रिजरला कुणी लबाड म्हणत नाही. त्याच्या थापांना 'लोककथा' म्हणतात, त्यांचे संग्रह निघतात. शेकोटीपाशी बसून थापा मारणं ही त्या धंद्यातली मान्य कला होती, आणि बेकवर्थ त्यात ब्रिजरच्या तोडीचा होता, एवढाच त्याचा गुन्हा. रक्त बघून एकाला गोष्टीवेल्हाळ आणि दुसऱ्याला खोटारडा ठरवलं गेलं. पुढच्या अभ्यासकांनी, विशेषतः एलिनॉर विल्सनने १९७२ मधल्या चरित्रात, पुस्तकातल्या घटना कागदपत्रांशी ताडून पाहिल्या. आकडे फुगवलेले, पण घटना, माणसं, जागा मोठ्या प्रमाणात खऱ्या निघाल्या. १९५१ च्या 'टॉमाहॉक' या हॉलिवूडपटात बेकवर्थवरून घेतलेली भूमिका जॅक ओकी या गोऱ्या नटाने केली. म्हणजे खोटं बोलल्याबद्दल ज्याला धरलं, त्याच्याबद्दलच पडद्यावर केवढं हे खोटं.

या पुस्तकातलं खरं मोठं मौन मात्र कुणाला बोचलं नाही. त्यात आई गुलाम असल्याचा उल्लेख नाही. आपण काळ्या आईचा मुलगा आहोत हे बेकवर्थ कुठेही सांगत नाही. १८५६ साली, देश गुलामगिरीवरून यादवी युद्धाकडे चाललेला असताना, न सांगण्याची कारणं समजण्यासारखी आहेत. मी त्याला दोष देत नाही. पण ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण आजचे चाहते त्याला ज्या एका ओळखीचा झेंडा करून फिरवतात, ती ओळख त्याने स्वतः छापील पानावर येऊ दिली नव्हती.

आता खिंड. खिंड म्हटलं की आपल्याला पावनखिंडच आठवते, म्हणजे अडवायची जागा. इथे उलट आहे, ही पोचायची जागा. कॅलिफोर्नियाच्या पूर्वेला सिएरा नेवाडा पर्वताची भिंत आहे. १८४६ मध्ये डॉनर कुटुंबाचा तांडा साधारण सात हजार फुटांवरच्या खिंडीपाशी बर्फात अडकला. ८७ माणसांतली निम्म्याच्या आसपास मेली, वाचलेल्यांतल्या काहींना मेलेल्यांचं मांस खावं लागलं. दोन वर्षांत कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि माणसांचा लोंढा त्याच भिंतीकडे निघाला. १८५० च्या वसंतात बेकवर्थच्या नजरेला उत्तरेकडे एक सखल जागा आली. उंची ५,२२१ फूट. सिएरा नेवाडा ओलांडणारी ही सर्वांत कमी उंचीची खिंड. त्याने वाट आखली, माणसं लावून साफ केली आणि १८५१ मध्ये पहिला तांडा स्वतः पुढे होऊन मेरिसव्हिल गावापर्यंत नेला. त्या तांड्यात दहा वर्षांची एक मुलगी होती. खिंडीत बेकवर्थने तिला आपल्या घोड्यावर पुढ्यात बसवलं आणि समोर बोट दाखवून म्हणाला, ते बघ कॅलिफोर्निया. ती मुलगी पुढे इना कूलब्रिथ या नावाने कॅलिफोर्नियाची पहिली राजकवयित्री झाली आणि म्हातारपणीही ही आठवण सांगत राहिली.

मेरिसव्हिलच्या लोकांनी या कामाचे पैसे द्यायचं कबूल केलं होतं. वाट त्यांच्या गावात उतरणार, तांडे तिथेच थांबणार, बाजार तिथेच होणार, म्हणून. बेकवर्थ पोचला त्या रात्रीच गावाला आग लागली, बराच भाग जळाला, आणि देणं राहिलं ते राहिलंच. पदरचे सोळाशे डॉलर गेले असं तो सांगतो. पुढे त्याने खिंडीजवळच्या खोऱ्यात घर बांधलं, दुकान आणि खानावळ चालवली, येणाऱ्या तांड्यांना धान्य विकलं. १९०९ मध्ये त्याच खिंडीखालून रेल्वे गेली, आज तिथून हमरस्ता जातो. १९९४ मध्ये टपाल खात्याने त्याच्यावर तिकीट काढलं. १९९६ मध्ये मेरिसव्हिलने, आपण त्याचे पैसे दिले नाहीत हे मान्य करत, गावातल्या सगळ्यात मोठ्या बागेला त्याचं नाव दिलं. १४५ वर्षं थकलेल्या बिलाची परतफेड म्हणून बाग. कंत्राटी काम केलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही.

इथवर सगळ्या रील येतात आणि थांबतात. इथे थांबलं की 'शोधली' हा शब्द बिनबोभाट खपून जातो. त्या खोऱ्यात वाशो आणि मायडू लोक कितीतरी पिढ्या जात-येत होते. खिंड हरवलेली नव्हती. बेकवर्थने शोधली म्हणजे चाकांसाठी उघडली. आणि ज्या वर्षी त्याने पहिला तांडा उतरवला त्याच वर्षाच्या जानेवारीत कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरने विधिमंडळापुढे सांगितलं होतं, की मूलनिवासींचा समूळ नाश होईपर्यंत हे युद्ध चालूच राहील. इतिहासकारांच्या अंदाजानुसार सोनं सापडलं तेव्हा कॅलिफोर्नियात दीड लाखाच्या आसपास मूलनिवासी होते. वीस-बावीस वर्षांनी तीस हजारांच्या आसपास उरले. हे बेकवर्थने केलं नाही. पण रस्ता कशासाठी होता, त्यावरून काय गेलं, हे रस्त्याच्या गोष्टीतून वगळायचं असेल तर मग गोष्ट सांगू नका.

थोडं मागे जाऊ. १८३७ मध्ये, क्रो सोडल्यावर, तो फ्लोरिडात सैन्यासोबत गेला, खेचरं हाकायला आणि निरोप पोचवायला. युद्ध सेमिनोल लोकांविरुद्ध होतं. सेमिनोलांच्या बाजूने लढणाऱ्यांत मळ्यांतून पळून आलेले शेकडो काळे गुलाम होते आणि त्यांना पुन्हा पकडणं हे त्या युद्धाचं एक उघड कारण होतं. गुलाम आईचा मुलगा, ज्याच्या सुटकेच्या कागदांना जेमतेम अकरा-बारा वर्षं झाली होती, तो पकडणाऱ्यांच्या बाजूने खेचरं हाकत होता. ओकीचोबीच्या लढाईत, १८३७ च्या नाताळाच्या दिवशी, तो तिथे होता. यावर मला काही हुशार भाष्य करायचं नाही. पगाराचं काम होतं, त्याने ते घेतलं.

आणि सत्तावीस वर्षांनी सँड क्रीक.

१८६४ मध्ये बेकवर्थ साठी ओलांडलेला होता, डेन्व्हरजवळ राहत होता, शायेन लोकांशी त्याचा जुना व्यापारी संबंध होता. कर्नल जॉन शिव्हिंग्टनने शंभर दिवसांच्या बोलीवर भरती केलेली स्वयंसेवकांची पलटण घेतली आणि वाटाड्या म्हणून बेकवर्थला बरोबर घेतलं. शायेन आणि अरापाहो लोकांचा तळ सँड क्रीक या ओढ्याकाठी होता. ब्लॅक केटल हा त्यांचा प्रमुख तहाच्या बाजूचा, आणि सैन्याचं संरक्षण आहे या समजुतीने ते तिथे राहिले होते. तंबूवर अमेरिकेचा झेंडा होता, खाली पांढरं निशाण. पहाटे सुमारे पावणेसातशे सैनिकांनी हल्ला केला. आज तिथलं स्मारक सांभाळणाऱ्या राष्ट्रीय उद्यान विभागाच्या मते सुमारे २३० माणसं मारली गेली, त्यात बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे. प्रेतांची विटंबना केली, तुकडे डेन्व्हरमध्ये मिरवले.

शेवटच्या रात्रीच्या वाटचालीत म्हाताऱ्या बेकवर्थला थंडी झेपेना असं सांगतात. म्हणून शिव्हिंग्टनने रॉबर्ट बेंट नावाच्या तरुणाला त्याच्या घरून जबरदस्तीने घेतलं. रॉबर्टचा बाप गोरा व्यापारी, आई शायेन. त्याचे भाऊ जॉर्ज आणि चार्ल्स त्या रात्री त्याच तळावर झोपलेले होते. रॉबर्टने वाट दाखवली. जॉर्जच्या कमरेत गोळी लागली, तो वाचला. जॅक स्मिथ नावाचा आणखी एक तरुण, दुभाष्या गोऱ्या बापाचा आणि शायेन आईचा मुलगा, पकडला गेला आणि दुसऱ्या दिवशी कैदेत असताना मारला गेला. तेव्हा त्याच तंबूत, त्याच्यापासून काही फुटांवर, बेकवर्थ बसलेला होता.

मिश्र रक्ताच्या माणसांबद्दल लिहिताना 'दोन जगांमधला पूल' हा शब्दप्रयोग हमखास येतो. मला तो ऐकवत नाही. सँड क्रीकला अशी तीन माणसं होती आणि तिघांचंही दोन भाषा येणं, दोन्हीकडची घरं माहीत असणं, हेच हत्यार म्हणून वापरलं गेलं किंवा तेच त्यांच्या जिवावर बेतलं. पुलावरून तोफाही जातात. आपल्याकडे अशा माणसाला 'ना घरचा ना घाटाचा' म्हणतात, तेही तितकंच चुकीचं. बेकवर्थ दोन्हीकडचा होता. म्हणूनच शिव्हिंग्टनला तो हवा होता.

या भागाचा उल्लेख केला की दोन उत्तरं मिळतात. पहिलं, 'तो काळच तसा होता.' हे मी मुळीच मान्य करत नाही. त्याच दिवशी, त्याच मैदानावर, कॅप्टन सायलस सोल या अधिकाऱ्याने आपल्या तुकडीला गोळी झाडू दिली नाही. नंतर त्याने आयोगापुढे साक्ष दिली आणि एप्रिल १८६५ मध्ये डेन्व्हरच्या रस्त्यावर त्याचा खून झाला. काळ त्याच्यासाठीही तोच होता. दुसरं उत्तर, 'बेकवर्थला पर्याय नव्हता.' हे मात्र गंभीर आहे. सोल गोरा होता, त्याच्याकडे हुद्दा होता, हाताखाली बंदूकधारी माणसं होती, तरी तो मारला गेला. बेकवर्थ हा काळ्या आईचा म्हातारा मुलगा, नाही म्हटलं तर फाशी देऊ अशी भीती त्याला होती असं त्याने स्वतः सांगितलं, आणि शिव्हिंग्टन ती खरी करणाऱ्यांतला होता. मी त्या जागी असतो तर काय केलं असतं असल्या खेळात मला शिरायचं नाही. पण हे उत्तर त्याने नेमकं कुणाला दिलं ते बघा.

१८६५ च्या जानेवारीत, कत्तलीनंतर दोन महिन्यांच्या आत, तो एकटा शायेनांच्या तळावर गेला. त्यांनी लढू नये, तह करावा, हे सांगायला. लेग-इन-द-वॉटर नावाच्या प्रमुखाने त्याला विचारलं, गोऱ्यांना घेऊन आमची उरलेली बायकापोरं मारायला आलास का? बाकीच्यांनी विचारलं, तू त्यांच्याबरोबर का आलास? त्याने सांगितलं, आलो नसतो तर मला लटकावलं असतं. शायेनांनी ते ऐकून घेतलं. तह मात्र नाकारला. गोऱ्यांनी आमचा देश घेतला, शिकार संपवली, एवढ्याने भागलं नाही म्हणून बायकामुलं मारली, आता जगून करायचं काय, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे त्याला त्यांच्यात व्यापार करायला जागा उरली नाही.

ज्यांची माणसं गेली त्यांनी हे उत्तर समोरासमोर ऐकलं आणि त्याच्याशी व्यवहार तोडला. आपण दीडशे वर्षांनंतर, दुसऱ्या खंडात, मोबाइलवर अंगठा फिरवत त्याला माफी देऊन टाकतो. ती द्यायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

आणि यातली सगळ्यात मोठी विसंगती अजून सांगायची आहे. हे सगळं आपल्याला कळतं ते बेकवर्थमुळे. शायेनांच्या तळावरचा तो संवाद त्याने चौकशी आयोगापुढे शपथेवर सांगितला. त्याच साक्षीत त्याने सांगितलं, की व्हाइट अँटिलोप हा वृद्ध प्रमुख दोन्ही हात वर करून सैन्याकडे धावत आला, स्वच्छ इंग्रजीत 'थांबा' म्हणाला, आणि कुणी थांबत नाही हे दिसल्यावर हाताची घडी घालून उभा राहिला, गोळ्या लागून पडेपर्यंत. मेलेल्यांत दोन तृतीयांश बायका-मुलं होती असं त्याने सांगितलं. जॅक स्मिथला कसं मारलं तेही सांगितलं. आयुष्यभर पाचाचे पन्नास करणारा हा माणूस इथे एक आकडाही फुगवत नाही. पुस्तकातला तो मिशांना पीळ देणारा सूर इथे कुठेच नाही. साधी वाक्यं आहेत. सोलच्या आणि इतरांच्या साक्षी त्याच्या सांगण्याला पूरक आहेत. त्यात तो स्वतःला वाचवतो थोडंफार, फाशीची भीती पुढे करतो. पण जे पाहिलं ते सांगतो, आणि ते सांगणं शिव्हिंग्टनच्या विरोधात जातं, त्या गावात, जिथे सोलचा खून झाला.

ज्यांनी त्याला लबाड म्हटलं त्यांनी ही साक्ष बाजूला ठेवली, कारण लबाडाची साक्ष कोण घेणार. जे त्याला नायक म्हणतात तेही ती बाजूला ठेवतात, कारण ती घेतली तर तो तिथे होता हेही घ्यावं लागतं. एकाने त्याचा शब्द फेकला, दुसऱ्याने त्याची कृती. मला यातला दुसरा प्रकार जास्त खटकतो, कारण तो माझ्या पिढीचा आहे आणि तो आदराच्या नावाखाली चालतो. दडपलेल्या समाजातल्या माणसाला निष्पाप असल्याखेरीज आपण इतिहासात जागाच देत नाही. पार्कमनला वाटायचं, मिश्र रक्ताचा माणूस प्रामाणिक असूच शकत नाही. आपल्याला वाटतं, तो दोषी असूच शकत नाही. दोघेही त्याला पूर्ण वाढलेला, आपल्या कामाचा हिशोब देऊ शकणारा माणूस मानायला तयार नाहीत.

हे मला एवढं लागतं त्याचं कारण माझा धंदा. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही बरेच जण वाटाडेच आहोत. कुठे जायचं ते ठरवणारा दुसरा असतो, आम्ही तिथवर जायची वाट बांधून देतो आणि बिल लावतो. लोक कुठे आहेत ते शोधणारी प्रणाली, चेहरे ओळखणारी प्रणाली, कुणाला कर्ज नाकारायचं ते ठरवणारी प्रणाली, आणि मीटिंगमध्ये हमखास येणारं एक वाक्य: वापर कशासाठी होणार ते आपल्या स्कोपमध्ये येत नाही. आमच्याकडे गिट नावाचं साधन आहे. त्यात कोडची कुठली ओळ कुणी लिहिली ते दाखवणारी एक आज्ञा आहे, तिचं नावच 'ब्लेम'. ती लिहिणाऱ्याचं नाव दाखवते. लिहायला सांगितलं कुणी, ते दाखवत नाही. सँड क्रीकचा मुख्य दोष शिव्हिंग्टनचा, आणि मूलनिवासींना मारायची मोकळीक देणारे जाहीरनामे काढणाऱ्या गव्हर्नर इव्हान्सचा. यात शंका नको. शिव्हिंग्टन तोवर सैन्यातून मोकळा झाला होता, त्याला काहीही शिक्षा झाली नाही. पण वरच्यांचा दोष मोठा म्हणून वाटाड्याचा दोष शून्य, हे गणित माझ्या ओळखीच्या फार लोकांना फार सोयीचं आहे, आणि म्हणूनच ज्याचा दोष झाकलेला आहे असा बेकवर्थ त्यांना इतका आवडतो.

बेकवर्थ १८६६ मध्ये मेला, क्रो लोकांच्या एका गावात. तेव्हाही तो सैन्यासाठी वाटाड्याचं आणि दुभाष्याचंच काम करत होता. वाटेत डोकं दुखायला लागलं, नाकातून रक्त आलं, गावात पोचल्यावर गेला. त्यावरही एक गोष्ट रचली गेली: क्रोंना तो प्रमुख म्हणून परत हवा होता, तो नाही म्हणाला, म्हणून त्याची हाडं तरी आपल्यात राहावीत यासाठी त्यांनी त्याला मेजवानी देऊन विष घातलं. याला कसलाही आधार नाही, पण रीलमध्ये ही असते.

सँड क्रीकच्या लष्करी चौकशीचा वृत्तान्त १८६७ मध्ये सिनेटने छापला. आज तो इंटरनेटवर फुकट आहे. बेकवर्थची साक्ष त्यात आहे, प्रश्न आणि उत्तर, प्रश्न आणि उत्तर, शेवटी शिव्हिंग्टनने घेतलेली उलटतपासणीही. फार लांब नाही.